लहान घरातली जेवणाची बैठक



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे थोर विषय उभे राहतात. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू झाली. तेव्हापासून या व्यासपीठांवरून राज्यकारभार, इतिहास, धर्म, अर्थशास्त्र अशा विषयांचा ऊहापोह होत आला आहे. आज मी तुमच्यापुढे जो विषय घेऊन उभा आहे, तो ऐकून काहींना हसू येईल. लहानशा घरात, जिथे स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये भिंतच नाही अशा घरात, माणसांनी जेवायला नीट बसावे कसे आणि कुठे, एवढाच माझा विषय आहे.

पण हा विषय क्षुल्लक आहे असे निदान करवीरच्या भूमीत तरी कोणी म्हणू नये. कोण कुठे बसतो, कोणाच्या शेजारी बसतो आणि कोणाच्या हातचे घेतो, या प्रश्नांना या मातीत फार मोठा अर्थ आहे. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान घातले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींनाही त्यांनी तो घ्यायला लावला. एका कप चहाने जे सांगितले गेले, ते शंभर भाषणांनी सांगता आले नसते. पंगतीचा प्रश्न महाराजांनी रस्त्यावर सोडवायला घेतला. तो आपल्या घरात, आपल्याच चुलीपाशी कितपत सुटला आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडचे जुने घर आठवा. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे परडे. चूल जमिनीवर, शेजारी वैल. स्वयंपाक करणारी बाई पाटावर बसलेली. भाकरी थापायची ती बसून, कालवणाला फोडणी द्यायची ती बसून, आणि जेवणारी माणसेही तिथेच चार हातांवर पाट टाकून बसलेली. त्या व्यवस्थेत धूर होता, अंधार होता, डोळ्यांचे हाल होते. तिचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. परंतु एक गोष्ट तिच्यात होती. रांधणारी आणि जेवणारे एकाच पातळीवर बसलेले असत. बाईने हात लांब केला की भाकरी ताटात पडे.

पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, नंतर गॅसची शेगडी आली आणि चूल जमिनीवरून उठून ओट्यावर गेली. बाई उभी राहिली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण जेवणारे मात्र जमिनीवरच राहिले. ओट्याची उंची सुमारे ३४ इंच आणि ताट जमिनीवर. आता प्रत्येक भाकरीमागे, प्रत्येक वाटीमागे, पाण्याच्या प्रत्येक तांब्यामागे त्या माउलीने ३४ इंच वाकायचे आणि पुन्हा ताठ व्हायचे. घरात चार माणसे जेवायला असली तर एका वेळेला हे वाकणे तीस-चाळीस वेळा तरी होते. पटत नसेल तर आज रात्री घरी मोजून पाहा. ओटा उभा राहिला आणि पंगत बसूनच राहिली, ही आपल्या नव्या घरांची मूळ अडचण आहे. टेबल-खुर्चीचा प्रश्न त्यानंतरचा.

या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमचे जुने कौलारू घर पाडून आम्ही स्लॅबचे घर बांधले. जागा दीड गुंठा, तीत भावाचा वाटा. स्वयंपाकघर ८ फूट बाय १० फूट, आणि त्यापुढे भिंत न घालता बाहेरची खोली. घर मोठे दिसावे म्हणून भिंत गाळली. वास्तुशांतीच्या आधी मी मोठ्या हौसेने सहा खुर्च्यांचे, वर काच असलेले टेबल आणले. ते दुकानात फार देखणे दिसत होते. घरी आल्यावर कळले की त्याच्या एका बाजूच्या खुर्च्या भिंतीला लागतात आणि दुसऱ्या बाजूला माणूस बसला की फ्रिजचे दार उघडत नाही. महिन्याभरात दोन खुर्च्या गच्चीवर गेल्या. आणखी महिन्याने टेबल भिंतीशी सरकले आणि त्यावर इस्त्रीचे कपडे, लाइटची बिले आणि मुलांची दप्तरे येऊन बसली. आम्ही पुन्हा खाली जेवू लागलो.

आई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. तिचे गुडघे वाकेनासे झाले होते. तिला खाली बसता येईना आणि त्या टेबलाशी जागा उरली नव्हती. आम्ही म्हणायचो, "आई, चल की जेवायला." ती म्हणायची, "तुम्ही बसा रे, मी मागनं बसतो." आम्ही जेवून उठायचो. एकदा मी पाण्यासाठी अवेळी आत गेलो, तर आई ओट्याला कंबर टेकून, ताट हातात घेऊन उभ्याने जेवत होती. किती दिवसांपासून ती अशी जेवत होती, हे मी तिला विचारले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही. ज्या घरात काचेचे टेबल मांडायला जागा होती, त्या घरात जिने आयुष्यभर रांधले तिला बसायला जागा नव्हती. जागा कमी होती म्हणून हे घडले नव्हते. जागेची वाटणी करताना तिचे माप कोणी घेतलेच नव्हते.

हा प्रश्न केवळ आपल्याच घरांतला नाही. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर घरांची मोठी टंचाई होती. फ्रांकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक लहान स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे सव्वासहा फूट, लांबी सुमारे अकरा फूट. त्यांनी बाईची पावले मोजली, प्रत्येक कामाला लागणारा वेळ मोजला, आणि सगळे हाताशी येईल अशी मांडणी केली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजचा आपला ओटा, त्यावरची आणि त्याखालची कपाटे, हा सारा त्याच विचाराचा वंश आहे. पण त्या खोलीत जेवायला जागा नव्हती. जेवण शेजारच्या खोलीत. बाईचे श्रम वाचले, पण ती एकटी पडली, असा आक्षेप पुढे त्या रचनेवर घेतला गेला.

जपानचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तेही आपल्यासारखे जमिनीवर बसून जेवणारे लोक. उझो निशियामा नावाच्या अभ्यासकाने गरिबांच्या घरांची पाहणी करून दाखवून दिले की जागा कितीही अपुरी असो, माणसे झोपण्याची जागा आणि जेवण्याची जागा वेगळी ठेवण्याची धडपड करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ साली, तिथे सरकारी घरांचा एक नमुना तयार झाला. सारे घर सुमारे ३५ चौरस मीटरचे, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांचे. एवढ्याशा घरात त्यांनी स्वयंपाकघर थोडे वाढवून त्यातच जेवणाची जागा केली. १९५५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या गृहनिर्माण महामंडळाने हीच रचना देशभर नेली. या रचनेने घर मोठे झाले नाही. पण रांधणारी आणि जेवणारे पुन्हा एका ठिकाणी आले. मोकळ्या स्वयंपाकघराचा खरा लाभ हाच आहे. भिंत गाळली ती घर मोठे दिसावे म्हणून नव्हे, तर रांधणारी पंगतीत यावी म्हणून, असे आपण समजू लागलो, तर पुढची आखणी आपोआप सरळ होते.

आता थोडा हिशेब करू. सुतार मंडळी समोर बसलेली आहेत. त्यांनी माझे चुकले तर सांगावे.

पहिले माप शरीराचे. बाजारातल्या खुर्चीची बैठक बहुधा १८ इंच उंच असते आणि टेबल ३० इंच. ही मापे उंच माणसाला मानवतात. आपल्याकडच्या पाच फूट उंचीच्या बाईला १८ इंचांच्या खुर्चीवर बसवले, तर तिच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत. पाय लोंबकळतात, मांडीची खालची बाजू दाबली जाते आणि दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. मग आपण म्हणतो, "हिला खुर्चीची सवयच नाही." सवयीचा दोष नाही, मापाचा आहे. माप असे घ्यावे: घरात रोज रांधते तिला अनवाणी बसवून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंत टेप लावावी. जे भरेल, बहुधा १६ इंचांच्या आसपास, ती बैठकीची उंची. त्यात ११ इंच मिळवले की टेबलाची उंची आली. आपण हाताने जेवतो. काटा-चमचा धरणाऱ्यापेक्षा आपला घास खालून वर येतो. त्यामुळे टेबल थोडे बसके असलेले आपल्याला सोयीचेच पडते.

दुसरे माप ताटाचे. एका माणसाला जेवताना दोन फूट रुंदी लागते. त्यापेक्षा कमी दिली तर शेजाऱ्याच्या कोपराने रस्सा सांडतो. आणि आपले ताट म्हणजे काही पाश्चात्त्यांची बशी नव्हे. ताट, त्याबाहेर तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या, पाण्याचे भांडे, मधोमध भाकरीची बुट्टी. समोरासमोर बसायचे तर टेबलाची रुंदी अडीच फूट हवी.

तिसरे माप, आणि यातच सगळे फसतात, ते खुर्चीच्या मागचे. बसलेला माणूस टेबलाच्या कडेपासून दीड फूट जागा घेतो. पण उठण्यासाठी त्याला खुर्ची मागे सरकवावी लागते आणि त्याला अडीच फूट लागतात. आता आमचे ८ फूट रुंदीचे स्वयंपाकघर घ्या. भिंतीकडच्या खुर्चीला अडीच फूट, टेबल अडीच फूट, अलीकडे बसलेल्या माणसाला दीड फूट, झाले साडेसहा. जाण्यायेण्याला उरला दीड फूट. परात हातात घेऊन दीड फुटातून बाई जाणार कशी?

याच ठिकाणी आपला कोल्हापुरी कट्टा कामाला येतो. गल्लीच्या तोंडावर, तालमीच्या पुढे, देवळाच्या पाराशी आपण जन्मभर कट्ट्यावर बसत आलो. तोच कट्टा भिंतीला लावून घरात घ्या. कट्टा सरकवावा लागत नाही. माणूस कडेने सरकत आत जातो. म्हणून भिंतीकडच्या बाजूला अडीच फुटांऐवजी दीड फुटात काम भागते. दीड फूट कट्टा, अडीच फूट टेबल, अलीकडे स्टुलावर बसलेला माणूस दीड फूट. साडेपाच झाले आणि वाट अडीच फुटांची राहिली. जेवण आटोपल्यावर स्टुले टेबलाखाली ढकलली की चार फूट जागा मोकळी. लांबीचा हिशेबही बसतो. १० फुटांपैकी ओटा २ फूट, त्यापुढे उभे राहून काम करायला ३ फूट, आणि उरलेल्या ५ फुटांत कट्टा आणि ४ फूट लांबीचे टेबल. चार माणसे बसली. पाचवे आले तर टेबलाच्या बाहेरच्या टोकाला खुर्ची, तिची जागा बाहेरच्या खोलीतून उसनी घ्यायची. भिंत नसल्याचा हा फायदा. तेलाची उडी, कुकरची वाफ आणि मिरचीचा ठसका लक्षात घेता ओटा आणि बैठक यांतले ते तीन फूट मात्र कोणी कमी करू नयेत, आणि शेगडीवरच्या भिंतीत धूर ओढणारा पंखा विसरू नये.

कट्टा बांधताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. गवंडी कट्ट्याची पुढची बाजू सरळ खाली जमिनीपर्यंत भरून टाकतो. माणूस बसलेला उठतो तेव्हा तो आधी टाचा मागे घेतो. स्वतः उठून पाहा. टाचा मागे घ्यायला जागा नसली तर म्हातारे माणूस उठताना टेबलाला लोंबते. म्हणून विटांचे पाये मागे घ्यावेत आणि वरची कडप्प्याची फरशी चार इंच पुढे काढावी. तिची कड गोल घासून घ्यावी. पायांमधल्या पोकळीत धान्याचे डबे राहतात, म्हणजे कट्ट्याने घेतलेली जागा फुकट जात नाही. फरशी थंडीत गार लागते. त्यावर चौपदरी घोंगडे टाकले की काम झाले. टेबलाला चार कोपऱ्यांत चार पाय नकोत, कारण कट्ट्यावर सरकणाऱ्याचे गुडघे त्यांवर आपटतात. मधोमध एकच खांब असावा, तो जमिनीत पक्का करावा. टेबलाची कड कट्ट्यावर दोन इंच आलेली असावी, म्हणजे घास आणि ताट यांत अंतर राहत नाही.

ज्याच्याकडे एवढीही जागा नाही, त्याने भिंतीला बिजागरीची फळी लावावी. दीड फूट रुंद, चार फूट लांब. उघडली की दोन माणसे भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसतात. मिटली की भिंत. आपल्या गावची पुष्कळ मंडळी गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीने कामाला जातात. पहाटे एक जेवून जातो, दुपारी दुसरा येतो. रोज सहा जणांची पंगत बसतच नाही. बहुतेक वेळा दोनच माणसे असतात. सहा खुर्च्या पाहुण्यांसाठी घ्यायच्या आणि रोजच्या दोघांनी अडचणीत बसायचे, हे गणित उलटे आहे. पाहुणे आले, सणवार आला, तर बाहेरच्या खोलीत सतरंजी घालून खुशाल पंगत मांडा. जमिनीवरच्या पंगतीसारखी कमी खर्चाची आणि झटपट आवरणारी बैठक जगात दुसरी नाही. ती मोडा असे मी म्हणत नाही. ज्यांचे गुडघे तिला साथ देत नाहीत त्यांना तिच्याबाहेर उपाशी ठेवू नका, एवढेच म्हणतो.

इथे एक अडचण आहे, ती झाकून ठेवत नाही. ठेंगण्या बाईला बैठक १६ इंचांची हवी, पण गुडघेदुखीच्या माणसाला उठायला १८-१९ इंचांची सोपी पडते. एका कट्ट्याने दोघांचे समाधान होत नाही. त्यावर उपाय असा की, कट्टा रांधणारीच्या मापाचा करावा आणि घरातल्या वृद्धासाठी हातांची एक मजबूत खुर्ची टेबलाच्या मोकळ्या टोकाला कायमची ठेवावी. हातांवर जोर देऊन उठता येते. आणि ज्यांच्या घरी उंच खुर्च्या आधीच घेऊन झाल्या आहेत, त्यांनी त्या विकू नयेत. माळ्यावरचा जुना पाट खाली काढावा आणि पायांखाली घ्यावा. आजोबांच्या काळी ज्या पाटावर बसून माणसे जेवली, तो पाट आज पायांना आधार देईल. त्यात त्याचा अपमान नाही.

एवढे सारे केले, मापे बरोबर घेतली, कट्टा झाला, टेबल झाले, तरी एक गोष्ट सुतार करू शकत नाही आणि गवंडीही करू शकत नाही. ती म्हणजे आपली तव्यावरच्या भाकरीची आवड. आपल्याला भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते. फुगलेली, पापुद्रा सुटलेली. तिची चव मी नाकारत नाही. पण जोवर एकेक भाकरी तव्यावरून ताटात येत आहे, तोवर भाजणारी बसू शकत नाही, हे साधे गणित आहे. तुम्ही कितीही सुंदर कट्टा बांधा. त्यावरची तिची जागा रिकामी राहील आणि हळूहळू तिथे दप्तरे येऊन बसतील. आमच्या घरी आता असे ठरले आहे की भाकरी आधी भाजून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवायच्या, कालवणाचे पातेले, ताक, मीठ, पाणी सारे टेबलावर आणायचे आणि मगच सर्वांनी बसायचे. जेवताना काही लागले तर ज्याला लागले त्याने उठायचे. भाकरी थोडी निवते. तक्रार पहिले आठ दिवस झाली, नंतर झाली नाही.

आमचा कट्टा झाला तेव्हा आईला त्याचा उपयोग दोन वर्षेच झाला. टेबलाच्या टोकाची हातांची खुर्ची तिची. पहिल्या दिवशी ती बसली, पण तिची नजर सारखी ओट्याकडे. कोणाच्या ताटात काय संपले हे पाहायची आणि उठायला बघायची. आम्ही तिला उठू दिले नाही. चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, "तुमच्या मोरं बसून जेवताना कसंतरीच वाटतंय." पन्नास वर्षे एका घरात रांधलेल्या बाईला आपल्याच मुलांसमोर बसून जेवायचा संकोच वाटावा, हे ऐकून मला माझ्या सहा खुर्च्यांच्या टेबलाची लाज वाटली. पुढे तिचा संकोच गेला. मग ती जेवताना बोलू लागली. वडिलांच्या, शेताच्या, तिच्या माहेरच्या अशा किती तरी गोष्टी आम्ही त्या दोन वर्षांत प्रथमच ऐकल्या. त्याआधी त्या ऐकायला मिळाल्या नव्हत्या, कारण आम्ही जेवत असताना ती उभी होती आणि ती जेवत असताना आम्ही तिथे नव्हतो.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांची घरे बांधायची आहेत, काहींची दुरुस्त व्हायची आहेत. नकाशा पुढे येईल तेव्हा फ्रिज कुठे, टीव्ही कुठे हे तुम्ही विचाराल; जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: रोज रांधते ती कुठे बसून जेवणार? तिची जागा आधी आखा, आणि बाकीच्यांच्या जागा तिच्याभोवती बसवा. ज्यांच्या घरात आजच बांधकाम नाही, त्यांनीही येथून गेल्यावर एवढे करून पाहावे. आज रात्री सगळे जेवण आधी मांडून घ्या आणि तिला तुमच्याबरोबर बसवा. कुठे अडते ते त्या एका जेवणात कळेल, आणि तेथूनच मोजायला सुरुवात करता येईल.